‘आधी नीट बोल’ : शिष्टाचार, धिटाई आणि मोहाडीतला एक प्रश्न

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे. अडखळणं आणि पुन्हा पुन्हा आलेली वाक्यं तेवढी काढली आहेत.)

 आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो. ती चूक झाली नसती तर हा भाग मी केलाच नसता.

भंडाऱ्याहून तुमसरकडे जाताना मोहाडी लागतं. तालुक्याचं गाव. चौंडेश्वरी देवीचं मंदिर, चहूकडे धानाच्या बांध्या, जवळच्या आंधळगावात कोशाचं विणकाम. मे महिन्यात तिथे आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी एक उन्हाळी शिबिर होतं. ऊन चढायच्या आत आटपायचं म्हणून सकाळी सातची वेळ. मला विषय दिला होता ‘शिष्टाचार आणि आत्मविश्वास’. असा विषय मिळाला की आपल्याला फार सोपं वाटतं, नाही का? मोठ्यांना नमस्कार कसा करावा, खोकताना रुमाल कसा धरावा, मुलाखतीला कसं बसावं, बोलताना समोरच्याच्या डोळ्यात बघावं, ‘आभारी आहे’ कधी म्हणावं. मी तासभर बोललो. मुलं शांत बसली होती आणि ती शांतता मला आवडली होती, हेही कबूल करतो.

शेवटी म्हटलं, विचारा प्रश्न. कोणी उठेना. मग मधल्या रांगेतून नववीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, मी एक बोलतो.”

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, “बोलतो नाही, बोलते. आधी नीट बोल, मग विचार.”

सगळी मुलं हसली. ती दोन क्षण उभी राहिली, “काही नाही, सर” म्हणाली आणि बसली. त्यानंतर मी आणखी दहा मिनिटं आत्मविश्वास कसा वाढवावा यावर बोललो. हो, खरंच बोललो.

संध्याकाळी भंडाऱ्याला मुक्कामावर आल्यावर मला माझी आजी आठवली. आजी तुमसरकडची. आयुष्यभर “मी येतो रे बाबू”, “मी जेवतो मंग” असंच बोलायची. पूर्व विदर्भात कितीतरी बायका अशाच बोलतात. ती त्या भाषेची चूक नाही, ती त्या भाषेची रीत आहे. शाळेत असताना मी घरचं बोलणं शाळेत आणलं की मला छडी मिळे. म्हणजे जी छडी मी खाल्ली होती, तीच मी त्या मुलीला दिली. फक्त माझ्या हातात छडीऐवजी माईक होता.

त्या रात्री ठरवलं, आपल्याकडे मुलामुलींना वळण लावण्याचा आणि धीट करण्याचा इतिहास काय आहे, तो जरा नीट मांडून बघू. आज तेच तुमच्यापुढे ठेवतोय.

आधी शब्द बघू. ‘शिष्टाचार’ म्हणजे शिष्टांचा आचार. मग शिष्ट कोण? पतंजलीने महाभाष्यात हा प्रश्न विचारलाय. त्याचं उत्तर असं की आर्यावर्तात राहणारे, घरात मडकंभर धान्यापेक्षा जास्त साठा न करणारे, निर्लोभी ब्राह्मण ते शिष्ट. आणि व्याकरण न शिकताही त्यांचं बोलणं शुद्ध असतं, म्हणून शुद्ध काय ते त्यांच्याकडे बघून ठरवायचं. म्हणजे बघा, ‘चांगलं वागणं’ आणि ‘शुद्ध बोलणं’ यांची गाठ दोन हजार वर्षांपूर्वीच बांधलेली आहे. आणि शिष्ट कुठे राहतो, कोणत्या घरचा असतो, हेही त्या व्याख्येतच आलं. मराठी माणसाने मात्र या शब्दाला आपल्या पद्धतीने उत्तर दिलं. “ती फार शिष्ट आहे” असं आपण म्हणतो तेव्हा ते कौतुक नसतं.

दुसरा शब्द ‘वळण’. अक्षराला वळण असतं, रस्त्याला असतं, पोरालाही असतं. ओली फांदी वाकवावी तसं लहानपणीच वाकवायचं, हा त्यातला विचार. आणि तिसरा ‘धीट’. मुलगा चारचौघांत बोलला तर धीट. मुलगी बोलली तर आगाऊ, नाहीतर तोंडाळ. एकाच गुणाला दोन नावं. हे शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता जुन्या मराठीत वागणुकीचे धडे कुठे सापडतात? सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाची सुरुवातच ‘मूर्खलक्षण’ या समासाने केली. चारचौघांत काय केलं की माणूस मूर्ख ठरतो, याची ती लांबलचक यादी आहे. पण मला त्यातली जास्त आवडणारी गोष्ट ही की त्याच दशकाच्या शेवटी ‘पढतमूर्ख’ येतो, म्हणजे शिकून-सवरून मूर्ख असलेला. आमच्यासारख्या व्याख्यात्यांची सोय समर्थांनी आधीच करून ठेवली होती म्हणायची.

मुलांसाठी छापलेली पुस्तकं आली ती इंग्रजी अमलात. १८२८ साली सदाशिव काशीनाथ छत्रे, ज्यांना आपण बापू छत्रे म्हणून ओळखतो, त्यांची इसापाच्या गोष्टींची आणि ‘बाळमित्र’ ही पुस्तकं निघाली. ‘बाळमित्र’ मूळचं फ्रेंच, बेर्कँ नावाच्या लेखकाचं. ते इंग्रजीतून मराठीत आलं. यातल्या गोष्टींत शहाणं मूल असतं ते आईबापांचं ऐकणारं, खोटं न बोलणारं, हट्ट न करणारं. वाईट काही नाही यात. पण मूल ऐकणारं असावं एवढंच त्यातून कळतं. मुलाला काही सांगायचं असेल तर कोण ऐकणार, हा प्रश्न तिथे येत नाही.

मग १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचं व्याकरण आलं. शाळेच्या पुस्तकांची मराठी मेजर कँडींच्या नजरेखालून जाऊ लागली. भाषा एकसारखी होणं गरजेचं होतं, छापखाना आला की ते होतंच. आपल्या भागात तेव्हा नागपूरकर भोसल्यांचं राज्य होतं. १८५३ मध्ये ते खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि भंडारा त्यात आला. इथल्या मुलाच्या घरात ‘पानी’ आणि ‘साळा’, आणि पुस्तकात ‘पाणी’ आणि ‘शाळा’. तिथून पुढे शाळेत जाणं म्हणजे आपलं घरचं तोंड दाराबाहेर ठेवून जाणं, असं होऊन बसलं.

पण याच काळात पुण्यात एक वेगळी गोष्ट घडत होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मातंग समाजातली मुलगी शिकत होती. वय चौदाच्या आसपास, म्हणजे माझ्या मोहाडीच्या त्या मुलीएवढीच. शाळेत येऊन तिला तीनच वर्षं झाली होती. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला, दोन भागांत, १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत.

तो निबंध मिळवून वाचा. ज्यांना धर्माची पोथी वाचायचीच बंदी, त्यांचा धर्म तरी कोणता, असं ती थेट विचारते. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर नसतं, हे सांगते. पेशवाईत आपल्या लोकांवर काय गुदरलं ते लिहिते. आणि शेवटी आपल्याच लोकांना म्हणते, शिका.

आता त्या वेळच्या शिष्टाचाराच्या हिशेबाने बघितलं तर यातलं एकही वाक्य ‘नीट बोलणं’ नाही. वय लहान, जात खालची मानलेली, त्यात मुलगी. तिने गप्प बसणं हाच तिचा शिष्टाचार. पण तिच्या मास्तरांनी तिला “आधी नीट बोल” असं म्हटलं नाही. तिला लिहू दिलं, आणि लिहिलेलं छापायला गेलं. मुक्ताच्या धिटाईमागे ही दोन साधी कामं आहेत. शिबिरांमध्ये आपण आत्मविश्वासाच्या दहा युक्त्या सांगतो. फुल्यांच्या शाळेने युक्ती सांगितली नाही, ऐकणारा माणूस दिला.

इथे कोणी म्हणेल, मग काय, शिष्टाचार शिकवायचाच नाही का? स्वच्छ राहा, नीट कपडे घाला, हे सांगणं चूक आहे का? नाही ना. आणि म्हणूनच आता तुम्हाला महाडला नेतो.

डिसेंबर १९२७. महाडच्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, ते आपल्याला माहीत असतं. पण त्याच परिषदेत बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी वेगळं बोलले, आणि विषय होता कपडे, दागिने, राहणी. ज्या लुगड्याच्या नेसण्यावरून, ज्या गाठल्या-गोटांवरून लांबूनच जात ओळखू येते, ते सोडा, इतर बायका नेसतात तसं लुगडं नेसा, स्वच्छ राहा. बायकांनी ते लगेच मनावर घेतलं आणि नेसण बदलली.

वरवर बघितलं तर हा शिष्टाचाराचाच धडा आहे. नेसणं कसं, राहणं कसं. पण यात आणि माझ्या मोहाडीच्या भाषणात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक वळण माणसाला त्याची जागा दाखवतं. दुसरं वळण त्याला त्या जागेवरून उठायला मदत करतं. महाडच्या बायकांना लुगडं बदलायला सांगितलं ते कोणाला आवडावं म्हणून नव्हतं. लोकांनी त्यांना ज्या खुणेवरून दूर ठेवलं होतं ती खूण पुसायची होती.

पुढे १९४२ च्या जुलैमध्ये नागपुरात दलित महिलांची परिषद झाली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बायका आल्या होत्या; आपल्या भागातून नागपूर काही दूर नाही. तिथे बाबासाहेबांनी सांगितलं त्याचा सारांश असा: स्वच्छता शिका, व्यसनांपासून लांब राहा, मुलांना शिकवा, त्यांच्या मनात मोठं होण्याची जिद्द घाला आणि आपण कमी आहोत ही भावना त्यांच्या मनातून काढून टाका. शिष्टाचार आणि आत्मविश्वास, दोन्ही एकाच भाषणात. पण क्रम बघा. स्वच्छतेने सुरुवात आहे आणि शेवट कमीपणा काढण्यावर आहे. स्वच्छता कमीपणा देण्यासाठी वापरलेली नाही. (ज्या भंडाऱ्यातून त्यांनी १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि हरले, तोच हा आपला भंडारा. असो.)

नागपूरचा विषय निघालाच आहे तर जाईबाई चौधरींची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जन्म उमरेडचा, १८९२ चा. लहानपणी लग्न झालं. पोटासाठी नागपूर-कामठी भागात डोक्यावरून ओझी वाहिली. एका मिशनरी बाईंच्या, मिस ग्रेगरींच्या, नजरेत ही मुलगी आली. त्यांच्यामुळे ती शिकली आणि शिक्षिका झाली. पण ‘अस्पृश्य’ बाई आमच्या मुलांना शिकवते, अशी ओरड झाली आणि ती नोकरी गेली. पुढे १९२० च्या दशकात जाईबाईंनी नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळा यांच्या नावाने शाळा काढली. हमाली केलेली बाई शाळा काढते. आत्मविश्वास म्हणजे काय हे कोणी विचारलं तर मी आता हे उदाहरण देतो.

१९३७ च्या डिसेंबरात अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन नागपुरात भरलं. देशभरातल्या शिकलेल्या, सुसंस्कृत घरांतल्या बायका. जाईबाई तिथे गेल्या. आणि जेवणाच्या वेळी त्यांना वेगळं बसवण्यात आलं. पंगतीत कसं बसावं, कसं वाढावं, कसं वागावं हे ज्यांना तोंडपाठ होतं, त्यांच्याच हातून हे झालं. दलित स्त्रियांनी लगेच सभा घेऊन त्याचा निषेध केला. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात या सगळ्या बायकांची कामं गोळा करून ठेवली आहेत; ते काम झालं नसतं तर जाईबाई आपल्याला कळल्याच नसत्या.

या प्रसंगाकडे मी पुन्हा पुन्हा बघतो. त्या दिवशी त्या मांडवात शिष्टाचार कोणाला शिकवायला हवा होता? जाईबाईंना तर नक्कीच नाही.

आता खेड्याकडे येऊ. पूर्व विदर्भातल्या खेड्यांत मुलांना सभेत बसायला, गायला, बोलायला कोणी शिकवलं? एक मोठं नाव म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा, १९०९ सालचा जन्म, घरची गरिबी, शाळा अर्ध्यावर सुटलेली. ऐन किशोरवयात हा मुलगा रामटेक-चिमूरच्या बाजूच्या जंगलात भटकत होता. आजच्या भाषेत म्हणायचं तर शाळाबाह्य मुलगा. त्याच्या हातात खंजिरी आली, गळ्यातून भजन आलं आणि माणसं जमली. १९३५ मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. १९४२ च्या आंदोलनात तुरुंगात गेले. १९५५ मध्ये जपानला जागतिक परिषदेसाठी गेले, तेही आपलं भजन आणि खंजिरी घेऊन.

त्यांची ग्रामगीता एक्केचाळीस अध्यायांची. त्यात जीवनशिक्षणावर अध्याय आहे, महिलोन्नतीवर आहे, आचारावर आहे. आणि ती आपल्या लोकांना समजेल अशा सरळ ओव्यांत आहे. गुरुदेव सेवा मंडळांची सामुदायिक प्रार्थना तुम्ही विदर्भात वाढला असाल तर पाहिलीच असेल: ओळीत बसायचं, वेळेवर यायचं, एकसुरात म्हणायचं, जात विचारायची नाही. वळणच आहे हे. पण त्या ओळीत बसलेल्या पोराला कधीतरी उठून भजन म्हणायला लागतं, गावासमोर दोन शब्द बोलायला लागतं. आजही मंडळांची उन्हाळी सुसंस्कार शिबिरं भरतात. तिथेही ‘हे करू नका’ची यादी असते, ते नाकारत नाही. पण पोरगं घरी येतं ते एखादं भजन स्वतःच्या आवाजात म्हणत.

बरं, मुलांच्या धिटाईसाठी आपल्याकडे आखाडाही होता. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तिथे कबड्डीसारख्या आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. वऱ्हाडातली पोरं बर्लिनच्या मैदानात! शरीर ताठ झालं की मान ताठ होते, यात तथ्य आहे.

आणि मग आपली झाडीपट्टी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दंडार, खडी गंमत, रात्रभर चालणारी नाटकं. दिवसा रोवणी-कापणी करणारा माणूस रात्री राजा होऊन हजार लोकांसमोर उभा राहतो. कोणत्या सभाधीटपणाच्या वर्गाने हे शिकवलं? आणि बोलतो कोणत्या भाषेत? दंडारीत तर आपल्याच झाडीबोलीत. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा आणि या लोकरंगभूमीचा अभ्यास करण्यात आयुष्य घातलं. त्यांच्यामुळे कितीतरी जणांना पहिल्यांदा कळलं की आपण बोलतो ती बिघडलेली मराठी नाही, ती स्वतःची रीत असलेली बोली आहे. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या भागातल्या लोकांना काय वाटलं असेल ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही.

पण मंडळी, एक गोष्ट लपवून चालणार नाही. आखाडा असो की दंडार, ही धिटाईची शाळा मुख्यतः मुलांची होती. दंडारीत बाईचं काम पुरुषच करायचे. म्हणजे गावासमोर बाईचं बोलणं ऐकू यायचं, पण पुरुषाच्या तोंडून. मुली मांडवाच्या कडेला बसून बघायच्या. पुढे झाडीपट्टीच्या नाटकांत स्त्रिया आल्या, त्यांनी नाव काढलं, तरी गावातल्या शाळकरी मुलीला तो मंच सहज मिळाला असं म्हणता येत नाही.

मग सरकारने काय केलं? नव्वदच्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्रातल्या शाळांत मूल्यशिक्षण आलं. दहा मूल्यं: वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, सौजन्यशीलता, श्रमप्रतिष्ठा वगैरे, आणि त्यातच स्त्री-पुरुष समानता. रोजचा परिपाठ आठवतो ना? सुविचार, दिनविशेष, बोधकथा. एकेक मूल पुढे येऊन बोलायचं. माझ्या मते परिपाठाची खरी देणगी तीच: दोन मिनिटं का होईना, माईक मुलाच्या हातात. त्याच दशकात जागतिक आरोग्य संघटनेने किशोरवयीन मुलांसाठी जीवनकौशल्यं मांडली, तीही दहाच. स्वतःची ओळख, सहानुभाव, संवाद, ताण हाताळणं अशी. २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी, आणि त्यात त्यांच्याच वयाच्या मुलामुलींना समवयस्क शिक्षक करण्याची कल्पना आहे. कागदावर बघितलं तर आपण बरंच पुढे आलोय. मग मोहाडीत माझ्याकडून तसं का झालं?

कारण यादी बदलली तरी सवय तीच राहिली. दहा मूल्यांमधली सौजन्यशीलता मी बरोबर नेली होती, स्त्री-पुरुष समानता गाडीतच विसरलो. माझ्या तासाभराच्या भाषणात कसं बसावं, कसं चालावं, आवाज किती ठेवावा, हे जे जे होतं ते बोलताना माझी नजर मुलींच्या रांगांकडे जात होती. आत्मविश्वास, मुलाखत, नोकरी हे बोलताना मुलांच्या रांगांकडे. हे मला तेव्हा कळलं नाही. कसं कळलं ते सांगतो.

दुसऱ्या दिवशी माझं सत्र नव्हतं. तरी सकाळी मी मोहाडीला गेलो. शिबिराच्या मॅडमना म्हटलं, पाच मिनिटं द्या. सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि सांगितलं, “काल मी तुमच्या मैत्रिणीला बोलू दिलं नाही. ती बरोबर बोलत होती. माझी आजी तशीच बोलायची. चूक माझी होती.” मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मोठा माणूस चुकलो म्हणतो, हे त्यांनी फारसं बघितलं नसावं. मग मी त्या मुलीला म्हटलं, “आता तुझ्या भाषेत विचार. मी मध्ये बोलणार नाही.”

ती लगेच उठली नाही. मॅडम म्हणाल्या, बोल बेटा. मग ती उभी राहिली. काल जेवढी सरळ उभी होती तेवढी नाही, जरा बाकाला धरून. आणि म्हणाली,

“सर, तुमी आमाले सांगलं कसं बसाचं, कसं चालाचं, हरू बोलाचं. आमी साळेतून जातो तवा बसस्टँडवर पोट्टे उभे रायतेत. काईबाई बोलतेत. त्यायले कोन सांगते कसं बोलाचं?”

झालं. एवढाच प्रश्न. काल मी हा प्रश्न व्याकरणाच्या एका प्रत्ययापायी घशात परत ढकलला होता.

कोणी हसलं नाही. मी उत्तर शोधत होतो. तेवढ्यात मागच्या रांगेतला एक मुलगा बसल्या बसल्याच, खाली बघत म्हणाला, “त्यायच्यात माहा भाऊ बी रायते.”

मला वाटतं त्या शिबिरातलं सगळ्यात धीट वाक्य ते होतं. आणि सगळ्यात सभ्यही.

त्यानंतरचा तास ठरलेल्या विषयाचा झाला नाही. मुलं बोलत होती, मुली बोलत होत्या. बसस्टँडवर उभं राहणाऱ्याला मजा का वाटते, बाजूला उभा असलेला गप्प का राहतो, घरात भावाचं ताट कोण उचलतं. एक मुलगा म्हणाला, आम्ही रडलो की बाप म्हणतो बायकासारखा रडू नको. मॅडमनी फळ्यावर ‘शिष्टाचार’ लिहून खाली मुलांकडूनच यादी करून घेतली. पहिला मुद्दा होता: रस्त्यावरून जाणाऱ्याला वाट द्यायची, शब्द द्यायचा नाही. दुसरा: आपला मित्र चुकीचं बोलला तर त्याला तिथेच थांबवायचं. रुमाल सातव्या नंबरवर आला.

बाकाला धरून उभी राहिलेली ती मुलगी तास संपेपर्यंत आणखी दोनदा उठली. दुसऱ्यांदा उठली तेव्हा तिचा हात बाकावर नव्हता.

तर मंडळी, तुमच्याकडे अशी शिबिरं होत असतील, तुम्ही स्वतः घेत असाल, तर एवढं करून बघा: तुमच्या यादीच्या आधी त्यांचा प्रश्न घ्या, आणि तो ज्या बोलीत येईल त्या बोलीत घ्या. आणि लहानपणी तुम्हाला कोणी “नीट बोल” म्हणून खाली बसवलं असेल, तर तेव्हा काय विचारायचं राहून गेलं होतं, ते आठवून आम्हाला पाठवा. आपापल्या बोलीत पाठवा. मी दुरुस्त करणार नाही, शब्द देतो.

येतो मग. माझ्या आजीनेही निरोप असाच घेतला असता.